गावातून मोबाईलवर इंटरव्ह्यू देताय? आधी आवाज पलीकडे पोहोचतोय का ते बघा



मागच्या आठवड्यात रात्री दहाला हरसूलहून मावसभावाचा फोन आला. "दादा, शुक्रवारी सकाळी अकराला इंटरव्ह्यू आहे. नाशिकची कंपनी, कस्टमर सपोर्टची जागा. लॅपटॉप नाही, मोबाईलवरूनच द्यायचाय. काय वाचू?"

मी म्हटलं, "वाचायचं नंतर बघू. आधी सांग, बसणार कुठे?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पण माझाच अनुभव सांगतो. २०२० च्या जुलैमध्ये लॉकडाउनमुळे मी घरी, हरसूललाच होतो. तेव्हा माझा पहिला ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. अभ्यास पक्का होता. समोरच्या मॅडम स्पष्ट दिसत होत्या, ऐकूही येत होत्या. पहिल्या प्रश्नावर मी चांगलं तीन मिनिटं बोललो. मग त्या म्हणाल्या, "हॅलो, तुम्ही आहात का? काहीच ऐकू आलं नाही." पुन्हा सुरुवात केली, तेवढ्यात पाऊस कोसळायला लागला आणि आमच्या घरावर पत्रे! पंधराव्या मिनिटाला सगळं आटोपलं. पुढे काही कळवलं गेलं नाही. कितीतरी दिवस वाटत राहिलं, आपल्याला काही येतच नाही. खरं म्हणजे मला येत होतं, ते त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यूही घेतो. त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. चला, एकेक गोष्ट बघू.

ते आपल्याला दिसतात, मग आपण त्यांना का दिसत नाही?

मोबाईल टॉवर सिग्नल सोडताना काही वॉट ते काही दहा वॉट ताकद वापरतो. तुमचा ४जी फोन साधारण जास्तीत जास्त ०.२ वॉट. म्हणजे टॉवर हा जत्रेतला भोंगा आणि फोन हा गर्दीतून त्याला उत्तर देणारा माणूस. भोंगा तुम्हाला ऐकू येतो, तुमचा आवाज मात्र तिथपर्यंत जात नाही. टॉवरपासून लांब असलेल्या गावात म्हणूनच डाउनलोड बरा आणि अपलोड रडका असतो.

"पण यूट्यूब तर मस्त चालतं की!" चालणारच. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं. मध्ये दोन-चार सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. लाइव्ह कॉलमध्ये तुम्ही आत्ता बोललेलं आत्ताच पोहोचावं लागतं. उशिरा पोहोचलेले आवाजाचे तुकडे ॲप सरळ टाकून देतं. म्हणून स्पीड टेस्ट करताना वरचा मोठा आकडा सोडा, अपलोडचा बघा.

किती हवा? झूमच्या स्वतःच्या माहितीनुसार दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला जाताना-येताना सुमारे ६०० केबीपीएस लागतात. नुसत्या आवाजाला ६० ते ८० पुरतात. म्हणजे व्हिडिओ बंद केला तर जवळपास आठव्या-दहाव्या हिश्श्यात काम भागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

घरातली बसायची जागा मोजून ठरवा

सिग्नलच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे एकेक कंपनी आपापलं ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पुढे गेला तर कॉल अडखळणारच. आणि १० चा फरक म्हणजे सिग्नलच्या ताकदीत दहापट फरक!

फोन घेऊन घरभर फिरा. खिडकीपाशी, ओट्यावर, शेजारच्या स्लॅबच्या घरात, सगळीकडे बघा. पत्रा सिग्नल अडवतो, आणि पावसात त्याच्याखाली आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. हे सगळं इंटरव्ह्यूच्या वेळेलाच तपासा. आठवडे बाजाराच्या दिवशी गावात गर्दी असते, तोच टॉवर हजार जणांत वाटला जातो, आणि रात्री दहाला आलेला स्पीड सकाळी अकराला मिळत नाही.

फोनची तयारी

- मधेच साधा फोन आला तर माइक तिकडे जातो आणि इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही मुके होता. ड्युअल सिम असेल तर दुसऱ्या सिमवरच्या कॉलमुळेही बऱ्याच फोनमध्ये डेटा थांबतो. तेवढ्या वेळापुरतं दुसरं सिम बंद ठेवा, डू नॉट डिस्टर्ब लावा आणि घरच्यांना सांगून ठेवा.
- ५जी धरसोड करत असेल तर नेटवर्क ४जीवर ठेवा.
- वायरचा इअरफोन वापरा. माइक तोंडाजवळ येतो आणि चार्जिंगची काळजी नाही.
- फोन हातात धरू नका. पुस्तकांच्या गठ्ठ्याला किंवा डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. कॅमेऱ्याची काच पुसा.
- ॲपमध्ये तुमचं नाव काय दिसतंय ते बघा. "किंग ०७" नावाचा उमेदवार मी स्वतः बघितलाय!
- लाइट जाईल असं धरूनच फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा.

बोलायचं काय?

"स्वतःबद्दल सांगा" हा प्रश्न येणारच. उत्तर साठ ते नव्वद सेकंदांत संपवा: शिक्षण, केलेलं एखादं काम, आणि ही नोकरी का हवी. फोनच्या रेकॉर्डरवर म्हणा आणि ऐका. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते. चौथ्या वेळेला उत्तर आपोआप सुधारतं.

माझा भाऊ म्हणाला, "दादा, मला अनुभव काहीच नाही." मी विचारलं, "वाडीवरच्या लोकांची ई-पीक पाहणी कोण करून देतं?" ते ॲप २०२१ मध्ये आलं, त्यात शेतकऱ्याने पिकाचा फोटो काढून स्वतः नोंद करायची असते. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही, हा करून देतो. फोटो अपलोड होत नसेल तर मार्ग काढतो, चिडलेल्या माणसाला शांतपणे समजावतो. अरे, कस्टमर सपोर्ट म्हणजे दुसरं काय असतं? अडचण काय होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं, या क्रमाने सांगा. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर "हे मला येत नाही, पण शिकेन" म्हणा. थापा मारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला लगेच कळतात.

लाइन तुटली तर?

हे सुरुवातीलाच सांगून टाका: "सर, मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलहून बोलतोय. पावसात इथलं नेटवर्क कधी कधी जातं. कट झालं तर मी दोन मिनिटांत परत जॉइन होतो. नाही झालो तर कृपया माझ्या नंबरवर फोन करा." गावाचं नाव लपवून "नाशिकचा" म्हणायची गरज नाही. समोर बसणारा म्हणून सांगतो, अडचण आधी सांगून तिच्यावरचा उपायही सांगणारा माणूस आम्हाला टीममध्ये हवाच असतो.

आवाज तुटायला लागला तर परवानगी मागून व्हिडिओ बंद करा. उत्तरं छोटी ठेवा आणि मधे थांबा. कॉलमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे प्रश्न पूर्ण होऊ द्या, मग बोला.

आणि एक. इंटरव्ह्यूसाठी, ट्रेनिंगसाठी किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कोणी पैसे मागितले, ओटीपी किंवा अनोळखी ॲप टाकायला सांगितलं, तर तो इंटरव्ह्यू नाही, फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

शुक्रवारी भाऊ शेजारच्या काकांच्या स्लॅबच्या खोलीत, खिडकीसमोर बसला. सिग्नल होता उणे ९४. मधे एकदा कॉल तुटला, तो परत जोडला गेला. निकाल अजून यायचाय. दुपारी त्याचा फोन आला, "दादा, एक उत्तर चुकलं. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं."

तुमचा इंटरव्ह्यू जवळ आला असेल तर उद्या त्याच वेळेला, त्याच जागेवरून एखाद्या मित्राला दहा मिनिटं व्हिडिओ कॉल लावा. तुम्ही बोला आणि त्याला एकच विचारा, "माझं सगळं ऐकू आलं का?" ऑल द बेस्ट!