हवेतले परागकण: किती वेळ मोजायचे?

आजचा प्रश्न साधा वाटेल. बुलढाणा जिल्ह्यात पावसाळ्यात धुऱ्याधुऱ्यावर गाजरगवत फुलतं. त्याचे परागकण हवेत किती, हे पाहायला आपण यंत्र लावलं आणि दहा मिनिटांत एकही कण सापडला नाही. मग हवेत पराग नाहीत, असं म्हणायचं का?

आधी हिशेब करू. हर्स्ट यांनी १९५२ साली मांडलेला सापळा मिनिटाला १० लिटर हवा ओढतो. दहा मिनिटांत १०० लिटर, म्हणजे घनमीटरचा दहावा भाग. समजा, घनमीटरमागे सरासरी १० कण आहेत. मग आपल्या नमुन्यात सरासरीने एकच कण यायचा, आणि निव्वळ योगायोगाने तोही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के! तेच यंत्र २४ तास चालवलं तर १४.४ घनमीटर हवा जाते. त्यात १४४ च्या आसपास कण यायला हवेत. तिथं शून्य आलं तर त्या शून्याला अर्थ आहे.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथं कुमारिल भट्टांची परंपरा आठवते. ‘नाही’ हे ज्ञान अनुपलब्धीनं होतं, असं ते मानतात. पण अट अशी की वस्तू असती तर दिसलीच असती. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं ठरत नाही. दहा मिनिटांचा नमुना हा तसाच अंधार.

मग वेळ वाढवतच न्यायचा का? तसंही नाही. चिकट पट्टीवर कण फार साचले की ते एकमेकांवर बसतात, नवे नीट चिकटत नाहीत आणि मोजणी कमी भरते. म्हणून फिरत्या दांड्यांचं यंत्र बहुधा दहा मिनिटांतून एकच मिनिट चालवतात.

दुसरी अडचण सरासरीची. समजा, सकाळी दोन तास घनमीटरमागे ४८० कण होते आणि उरलेले २२ तास शून्य. दिवसाची सरासरी निघते ४०. पण नेमक्या त्याच दोन तासांत निंदणाला गेलेल्या, दम्याचा त्रास असलेल्या बाईनं ४० ची नव्हे, ४८० ची हवा घेतली. हर्स्टच्या सापळ्यात पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते ती यासाठीच: कोणत्या तासात किती, हे वाचता यावं.

तेव्हा परागांचा आकडा कुणी सांगितला, तर आपण दोन गोष्टी विचारायच्या. किती वेळ मोजलं? आणि दिवसाच्या कोणत्या वेळी?