लेट मार्क आणि राजीनामा

कळव्यापासून ऐरोलीपर्यंत ठाणे–बेलापूर रस्त्याने निघालं की कामाच्या ठिकाणांच्या दोन पिढ्या शेजारीशेजारी दिसतात. सीमेन्ससारखे जुने कारखाने आहेत, पुढे ऐरोलीचे आयटी पार्क आहेत आणि मधल्या औद्योगिक गाळ्यांत दहा-वीस माणसांची वर्कशॉप आहेत. कामं वेगळी, पगार वेगळे, पण मालक-मॅनेजरांची तक्रार एकच: माणसं टिकत नाहीत. शिकवून तयार केलेला मुलगा वर्षभरात पेपर टाकतो आणि पुन्हा नव्याने शोध सुरू होतो.

तक्रार खरी आहे. तिची सांगितली जाणारी कारणं मात्र क्वचितच कुणी तपासून पाहतं. ‘चार पैसे जास्त मिळाले की पळतात’, ‘आजकालच्या पोरांना निष्ठा नाही’, ‘साहेब कडक हवा’, ‘जॉइन करतानाच बॉण्ड लिहून घ्यावा’ ही वाक्यं इतक्यांदा बोलली गेली आहेत की ती नियमच वाटू लागली आहेत. माणसं का जातात आणि का राहतात, यावर शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आणि बराच अभ्यास उपलब्ध आहे. तो या वाक्यांना फारसा दुजोरा देत नाही.

पगाराबाबतचा गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. पगार वाढवला की प्रश्न मिटला, असं काहींना वाटतं. तर आपल्याकडे घरासारखं वातावरण आहे, पैशाचं एवढं काय, असं काही मालक मनापासून मानतात. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातला अनुभव दोघांनाही उपयोगी आहे. 1913 साली अमेरिकेतल्या त्यांच्या हायलँड पार्क कारखान्यात कामगार गळतीचं प्रमाण 370 टक्के होतं. सुमारे 14 हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात 50 हजारांहून अधिक माणसं घ्यावी लागली. पट्ट्यावरचं तेच ते काम लोकांना सोसवत नव्हतं. जानेवारी 1914 मध्ये फोर्डनी दिवसाची कमाई जवळपास दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केली आणि कामाचे तास नवावरून आठवर आणले. 1915 साली गळती 16 टक्क्यांवर आली. पैसा महत्त्वाचा नाही, असं या आकड्यांकडे पाहून कुणाला म्हणता येणार नाही. बाजारभावापेक्षा कमी पगार देणाऱ्या ठिकाणी घरासारख्या वातावरणाची भाषा कर्मचाऱ्याला फसवणूकच वाटते, आणि त्याचं चुकत नाही.

पण पगार काय करतो आणि काय करत नाही, हे 1959 साली मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी मांडलं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असली की माणूस नाराज होतो, मात्र त्या गोष्टी ठीक असल्या म्हणून तो कामात रमतोच असं नाही. रमण्यासाठी कामात काही साधल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी आणि पुढे जाण्याची वाट लागते. त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. तरी वाढलेल्या पगाराचा आनंद पुढच्या पगारवाढीआधीच का विरतो, याचं उत्तर त्यात सापडतं.

कळव्यात आणि त्यापुढच्या डोंबिवली-कल्याण पट्ट्यात सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे. ‘कोण कुठून, कसं येतं हा ज्याचा त्याचा प्रश्न, ऑफिसला वेळेवर पोचलं पाहिजे.’ हे वाक्य ज्या शहरात उच्चारलं जातं त्या शहराची लोकल उच्चारणाऱ्याने सकाळी आठ वाजता एकदा तरी पाहावी. कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही. कल्याण-डोंबिवलीकडून येणारी स्लो लोकल दिवा, मुंब्रा करत इथे पोचेपर्यंत दारातही पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून इथले कित्येक प्रवासी वर्षानुवर्षं कळवा कारशेडमधून निघणारी गाडी पकडत आले. ऑगस्ट 2022 मध्ये तिथली साधी लोकल एसी झाली, तेव्हा प्रवाशांनी कारशेडपाशीच गाडी अडवली. बदलापुरातही आंदोलन झालं आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचे जीव गेले. ती माणसं कामावरच निघाली होती.

ज्यांचं ऑफिस ऐरोलीत आहे त्यांचं दुखणं आणखी निराळं. कळवा-ऐरोली अंतर थोडं, पण रेल्वेने जायचं तर आधी ठाण्याला उलटं जाऊन गाडी बदलावी लागते. हा वळसा वाचवण्यासाठी कळवा-ऐरोली उन्नत मार्ग आखला गेला. त्यातलं दिघा गाव स्थानक 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झालं, पण कळव्याहून थेट गाडी अजून सुटलेली नाही. अशा प्रवासानंतर नऊ वाजून बारा मिनिटांनी पंच केलेल्या माणसाला लेट मार्क मिळतो. कित्येक ठिकाणी तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. कापलेल्या पैशांपेक्षा त्याला लागतं ते हे, की आपण कसे आलो याची इथे कुणाला कदर नाही. राजीनाम्याच्या पत्रात तो ‘वैयक्तिक कारण’ लिहितो आणि कंपनी ते खरं मानते.

प्रवास आणि राजीनामा यांचा संबंध मोजला गेला आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली, बाकीचे पाचही दिवस ऑफिसात आले. 2024 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आले: मुभा मिळालेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं. हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो स्त्रियांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. पुढची दोन वर्षं पाहिली तेव्हा कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक आढळला नाही. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांना उत्पादकता घटेल असं वाटत होतं. प्रयोगानंतर त्यांचंच मत बदललं.

लेथवर उभ्या राहणाऱ्याला किंवा वॉर्डातल्या परिचारिकेला घरून काम देता येत नाही, हे उघड आहे. वेळ मात्र हलवता येते. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर 2023 पासून स्वतःच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा ठेवल्या आणि इतर कार्यालयांनीही तसं करावं, असं आवाहन केलं. ज्या खात्याला गर्दीची सगळ्यात जास्त माहिती, त्यानेच हे आधी स्वतःच्या माणसांसाठी केलं, याचं महत्त्व मोठं आहे. खर्च जवळजवळ शून्य, आणि बाईला मुलाला शाळेत सोडून गर्दी ओसरल्यावर गाडी पकडता येते.

कडक साहेबाचं काय? कठोरपणा आणि शिस्त यांची सरमिसळ आपल्याकडे जुनी आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या नेतृत्वाखालच्या तुकड्यांत चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नोंदलेल्या चुका तिथेच अधिक निघाल्या. खोलात गेल्यावर कळलं की त्या तुकड्यांत चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती आणि सुधारलीही जात होती. धाकाखालच्या तुकड्यांत चुका दडवल्या जात होत्या. ओरडणाऱ्या सुपरवायझरच्या शॉपमध्ये वाकडा पडलेला जॉब भंगारात लपवला जातो, त्याचं कारण हेच. मशिनचं सेटिंग बिघडलंय हे मग थेट ग्राहकाकडून कळतं. तोवर बिघाड लवकर ओळखू शकणारा हुशार मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

काम उत्तम येणारा माणूस उत्तम साहेब होतो, हाही तितकाच पक्का समज. 2008-09च्या सुमारास गूगलने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या नावाने स्वतःच्या मॅनेजरांचा अभ्यास केला. चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी निघाल्या. शिकवणं, विश्वासाने काम सोपवणं, माणसाची विचारपूस करणं या गोष्टी वर आल्या. तांत्रिक कौशल्य आठव्या क्रमांकावर राहिलं. ज्यांना हाताखालच्या लोकांनी चांगलं म्हटलं, त्यांच्या गटांतून माणसंही कमी गेली.

ही सगळी आयटीवाल्यांची नवी थेरं आहेत, असं म्हणणाऱ्यांनी नागपूरचा इतिहास पाहावा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी तिथे सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता, जे जीआयपी रेल्वेतून आले होते आणि ज्यांना कापडधंद्याची माहिती नव्हती. तांत्रिक बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी होते. कामगार रोज येत नाहीत, ही तिथलीही मोठी अडचण होती. पाचातला एक गैरहजर असणं नेहमीचं होतं. टाटांनी दंड वाढवले नाहीत. हवा खेळती ठेवण्याची, दमटपणा राखण्याची आणि आग विझवण्याची यंत्रणा बसवली, नियमित येणाऱ्यांना बक्षिसं ठेवली, 1886 साली निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई देऊ लागले. हे करायला त्यांना भाग पाडणारा कुठलाही कायदा तेव्हा देशात नव्हता. अपघात भरपाईचा कायदा आला 1923 साली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर माणसांची राहण्याची सोय उभी केली. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही त्यांनी राखणीचं काम दिलं. ज्यांच्यावर गावाने विश्वास ठेवला नसता त्यांच्या हाती पहारा सोपवणं, हा त्या काळात मोठा निर्णय होता, आणि तो फसला नाही.

आता एक अवघड मुद्दा. माणसं टिकली म्हणजे ठिकाण चांगलं, असंही नसतं. कळव्यातली जुनी मंडळी एकाच कंपनीत तीस-तीस वर्षं राहिली. त्यामागे कामाचं प्रेम होतं, तशी पर्मनंट नोकरी, कँटीन, युनियन आणि ग्रॅच्युइटीही होती. शिवाय दुसरीकडे जायला फारशा जागा नव्हत्या. मुकुंदच्या पोलादामुळे आणि मफतलालमुळे इथे वस्त्या वाढल्या, घरं उभी राहिली. मफतलालचा कारखाना बंद पडल्यावर कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं न्यायालयात रेंगाळला. ज्यांनी निष्ठा दाखवली त्यांच्याच घरांत हे घडलं. त्यांची मुलं आज ‘निष्ठा’ या शब्दाकडे सावधपणे बघतात. ते त्यांच्या संस्कारांचं अपयश नाही, त्यांनी घरात पाहिलेल्या गोष्टींचा तो परिणाम आहे. म्हणून तरुणांना निष्ठा नाही म्हणण्याआधी, त्याच कामासाठी कंत्राटी माणसाला पर्मनंटच्या निम्मा पगार देणाऱ्या कंपनीने स्वतःच्या निष्ठेचा हिशेब मांडायला हवा.

राहिला बॉण्ड. तो बेकायदा असतो, हाही गैरसमज आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मात्र नोकरी सोडल्यानंतर तोच व्यवसाय करायला बंदी घालणारी अट 1872च्या करार कायद्यातल्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही. कायद्याने चालेल ते कामालाही उपयोगी पडेल, असं मात्र नाही. बॉण्डने थांबलेला माणूस तारीख मोजत बसतो आणि त्या काळात नव्या मुलाला काहीच शिकवत नाही.

जाणाऱ्याला कसं जाऊ दिलं, हे राहणारे बारकाईने बघत असतात. रिलीव्हिंग लेटरसाठी चकरा मारायला लावणं, फुल अँड फायनल तीन-तीन महिने अडकवणं ही अनेक ठिकाणची रीत आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतनही दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करण्याची तरतूद आहे, आणि ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. ज्या कंपन्या हे आधीपासून वेळेवर देत आल्या, त्यांच्याकडे सोडून गेलेली माणसं दोन-तीन वर्षांनी बाहेरचा अनुभव घेऊन परतताना दिसतात, आणि येताना ओळखीतल्या आणखी एखाद्याचा बायोडेटाही आणतात.