छपरावरचं ऊन कुणी मोजायचं?



ऊस तोडणीला आला की आपण आधी फडात जाऊन डोळ्यांनी अंदाज घेतो, मग चिठ्ठीबॉयला बोलावतो. घरावर सौर पॅनेल बसवताना मात्र पुष्कळ मंडळी छपरावर पायसुद्धा न ठेवता कागदावर सही करत आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. घरगुती छपरासाठी एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. तेव्हापासून गावोगाव एजंट फिरू लागले. आमच्या माहितीतल्या एका सभासदाकडे असाच एक जण आला. त्याने मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडला, घरावर बोट फिरवले आणि “पाच किलोवॅट आरामात बसतंय” असे सांगून मोकळा झाला. तीस फूट बाय पंचवीस फूट स्लॅब, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो उन्हाचा नव्हता, नुसत्या सिमेंटचा होता.

आण्णांनी (आम्ही त्यांना आण्णाच म्हणतो) सही लांबवली आणि शेजारच्या गावातल्या एका मुलाला बोलावले. त्याच्याकडे ड्रोन चालवण्याचा रीतसर परवाना आहे. आम्हीही बघायला गेलो. ड्रोन आपल्याला नवा नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली, तेव्हा गावठाणात चुन्याच्या रेघा मारून आपण घरांच्या हद्दी दाखवल्या होत्या, वरून फोटो निघाले आणि पुढे मिळकत पत्रिका हातात आल्या. हे कामही त्याच जातीचे आहे. ड्रोन घरावरून नांगराच्या तासासारखा पुढे-मागे फिरतो आणि एकावर एक चढणारे फोटो काढतो. एकच कोपरा अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून येतो, त्यावरून संगणक प्रत्येक ठिकाणाची उंची काढतो. कठडा किती, पाण्याची टाकी किती, जिन्याची खोली किती, झाड किती, सारे मापासकट तयार. (शेजारच्या गच्चीवर पापड घातले होते. त्या काकूंनी ड्रोनकडे बघून “आमचे फोटो कशाला काढतोस रं?” असे दरडावले, ते योग्यच होते. शेजाऱ्यांना आधी सांगायला हवे होते.)

या उंचीचा उपयोग सावलीसाठी. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेला लांबतात. आण्णांची जिन्याची खोली आठ फूट उंच. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी साडेबारालाही तिची सावली जवळजवळ सात फूट पडते, आणि सकाळी साडेनऊला साडेतेरा फुटांवर जाते. मे महिन्यात भर दुपारी वर जाऊन बघणाऱ्याला हे दिसणारच नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. संगणक वर्षभराची, तासातासाची सावली मांडून छपराचा रंगीत नकाशा देतो.

“थोडी सावली पडली तर एवढं काय बिघडतंय?” असे आण्णांनी विचारले. सऱ्यांना पाणी देणाऱ्या पाटात वर कुठे पाचट अडकले तर खालच्या सगळ्याच सऱ्यांना पाणी कमी पडते. पॅनेलमधले सेल तसेच एकामागे एक जोडलेले असतात. नव्या पॅनेलात अडलेल्या भागाला वळसा देणारे डायोड असतात, त्यामुळे सगळेच बंद पडत नाही, तरी नुकसान सावलीच्या आकारापेक्षा मोठे होते.

नकाशा आला तेव्हा पाच किलोवॅटचे दोन उरले. तिसऱ्याची जागा होती, पण त्यावर दक्षिणेच्या आंब्याची सावली दिवाळीनंतर दोन-अडीच महिने येत होती. मुलगा म्हणाला, “आण्णा, आंबा काढला तर तीन बसतील. अनुदान अठरा हजारांनी वाढतंय.” आण्णा काही बोलले नाहीत. आंबा त्यांच्या आईने लावलेला.

ड्रोनला न दिसणाऱ्या गोष्टीही आम्ही त्या दिवशी मोजल्या. स्लॅब वरून चांगला दिसत होता. खाली माजघरात गेलो तर एका कोपऱ्यात प्लास्टर फुगून सळई उघडी पडली होती. पॅनेलचे वजन फार नसते, पण वळवाचा वारा त्यांच्या खाली शिरून वर ओढतो. ती ओढ स्लॅबने आणि बोल्टांनी सोसायची असते. पत्र्याच्या घराला तर हे दुप्पट लागू. शिवाय घर तीन भावांच्या नावावर. छप्पर कुणाचे, हे यंत्र सांगत नाही. दक्षिणेच्या शेजाऱ्याने मजला चढवायचे मनात धरले असेल तर तेही त्याला ठाऊक नाही. आण्णांनी त्याच संध्याकाळी जाऊन विचारले, हे बरे केले.

कारखान्याजवळच्या घरांना आणखी एक गोष्ट. गळीत हंगामात चिमणीची काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची राख पॅनेलवर बसते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आकाश स्वच्छ असते. तेव्हा सकाळी, पॅनेल तापायच्या आत, साध्या पाण्याने धुवावे लागेल. वर पाणी कसे न्यायचे, चालायला वाट किती सोडायची, हे आधीच नकाशावर आखून घ्यावे.

काही सभासद विचारतात, यावर शेतीपंप चालेल का? नाही. ही योजना घरच्या मीटरची. दोन किलोवॅटमधून वर्षाच्या सरासरीने रोज आठेक युनिट धरावेत, पावसाळ्यात कमी.

आण्णांनी कोपरा दुरुस्त करून घेतला, दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या आणि दोन किलोवॅटचा अर्ज भरला. आंब्याविषयी पुन्हा विचारले तर काकूच आतून म्हणाल्या, “आवं, अठरा हजारांसाठी कुऱ्हाड लावायची व्हय?” मीटर बदलून मिळायचे मात्र अजून बाकी आहे.