रिकामा दिसणारा वाफा रिकामा नसतो

दिवाळी उलटली की ओळखीतल्या कुठल्या तरी घरी फुटबॉल लिलीची कुंडी कचऱ्यात जाते. मे महिन्यात तिने लालभडक चेंडू फुलवून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवलेलं असतं. पावसाळाभर रुंद हिरवी पानं मिरवलेली असतात. मग ती पानं पिवळी पडून लोळतात, ‘झाड गेलं’ असं घरात ठरतं आणि माती उपसली जाते. त्या मातीत टणक, भरलेला कंद असतो. त्याला फक्त पुढच्या मेपर्यंत झोपायचं असतं.

घरच्या बागेतली कंदाची आणि बहुवर्षायू फुलझाडं किडीपेक्षा आपल्या समजुतींमुळे जास्त दगावताना मी पाहिली आहेत. त्यांतल्या सहा समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : पानं सुकली म्हणजे झाड मेलं.

वस्तुस्थिती : ती झाडाची विश्रांती असते. मार्चमध्ये कासच्या पठारावर गेलात तर खडक आणि वाळकं गवत एवढंच दिसेल. पण रानहळद, मुसळी, कंदीलपुष्प यांचे कंद त्याच मातीत असतात. पावसाच्या चार महिन्यांत वाढायचं, फुलायचं, अन्न साठवायचं आणि उरलेले कोरडे महिने जमिनीखाली काढायचे, ही सह्याद्रीतल्या कित्येक वनस्पतींची रीत आहे.

घरच्या वाफ्यातली कळलावी, फुटबॉल लिली आणि भुईचाफा याच रीतीने जगतात. भुईचाफा तर एप्रिल-मेमध्ये उघड्या मातीतून थेट फूल वर काढतो, पानं नंतर येतात. एका मार्चमध्ये मोकळ्या दिसणाऱ्या जागेत मी कुदळ चालवली आणि त्याचे कंद तुटले. त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. तेव्हापासून पानं जिरण्याआधीच तिथे खुणेची काडी रोवते. कळलावीच्या बाबतीत ही काळजी दुप्पट हवी. तिचा कंद इंग्रजी ‘व्ही’सारखा असतो आणि कोंब फक्त टोकाशी असतो. टोक मोडलं की ती फांदी उगवत नाही.

गैरसमज २ : फुलं संपली की पानं कापून वाफा स्वच्छ करावा.

वस्तुस्थिती : पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या कष्टावर येतं. फुलं ओसरल्यावर पानं उन्हात अन्न तयार करून कंदात भरतात. हिरवी पानं छाटली की कंद हलका राहतो आणि पुढच्या वर्षी नुसतीच पानं येतात. म्हणून बी धरू नये यासाठी फुलाचा दांडा तेवढा कापावा. पानं आपणहून पूर्ण पिवळी होईपर्यंत राहू द्यावीत. शेणखत किंवा गांडूळखत द्यायची योग्य वेळही हीच.

कर्दळ आणि सोनटक्का यांचा हिशोब वेगळा आहे. सगळे कळे फुलून झालेला त्यांचा दांडा पुन्हा फुलत नाही. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे नव्या फुटव्यांना जागा आणि ऊन मिळतं.

गैरसमज ३ : सुकलेल्या कंदाला भरपूर पाणी दिलं की तो लवकर उठतो.

वस्तुस्थिती : पानं नसलेला कंद पाणी ओढत नाही, ओल्या मातीत तो कुजतो. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करावं आणि झोपेच्या काळात जवळजवळ बंद करावं. नवा कोंब दिसला की पुन्हा सुरू करावं. निशिगंध, कर्दळ, सोनटक्का यांना मात्र आपल्याकडे अशी पूर्ण झोप नसते, उन्हाळ्यात त्यांना नियमित पाणी लागतं. सोनटक्का तर ओलाव्यातच रमतो.

पावसाळ्यात खरा प्रश्न निचऱ्याचा. काळी माती पाणी धरून ठेवते. तिथे वाफा वीतभर उंच करून मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. लावण्याची खोलीही एकसारखी नसते. निशिगंधाचा कंद ५ ते ७ सेंटिमीटर खोल चालतो. मार्च-एप्रिलमध्ये मोठी, कर्ण्यासारखी फुलं देणाऱ्या हिपिअ‍ॅस्ट्रम लिलीच्या कंदाची मान मात्र मातीबाहेर ठेवावी लागते.

गैरसमज ४ : चांगली माती, चांगलं खत दिलं की पुण्या-नागपुरातही ट्यूलिप दरवर्षी फुलेल.

वस्तुस्थिती : ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या थंड डोंगराळ प्रदेशांतला. दांडा नीट लांबून फूल उमलावं यासाठी त्याच्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे कडक थंडी मिळावी लागते. श्रीनगरला २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप बागेत शरद ऋतूत कंद लावतात. काश्मीरचा हिवाळा त्यांना ही थंडी देतो आणि मार्चअखेर ते फुलतात. आपल्याकडे विकत मिळणारा थंडी दिलेला कंद एखाद्या हिवाळ्यात फुलेलही, कारण कळी त्याच्या पोटात आधीच तयार असते. पुढच्या वर्षीची थंडी मात्र आपल्या मातीत मिळत नाही. त्याच जागी हिपिअ‍ॅस्ट्रम लावा, ती वर्षानुवर्षं साथ देईल.

गैरसमज ५ : बहुवर्षायू झाड बारमाही फुलतं आणि एकदा लावलं की बघावं लागत नाही.

वस्तुस्थिती : बहुवर्षायू म्हणजे अनेक वर्षं जगणारं. फुलण्याचा हंगाम प्रत्येकाचा ठरलेला असतो. म्हणूनच एका वाफ्यात हंगामांची साखळी जुळवावी लागते : चैत्रात हिपिअ‍ॅस्ट्रम, मेमध्ये भुईचाफा आणि फुटबॉल लिली, पहिल्या सरींबरोबर कडेची गुलाबी पावसाळी लिली, श्रावण-भाद्रपदात कळलावी आणि सोनटक्का, थंडीत शेवंती. उंच कर्दळ मागे, ठेंगणी लिली पुढे. मग एकाची झोप दुसऱ्याच्या फुलण्यात झाकली जाते.

काळजीही लागतेच. निशिगंधाचे कंद तीन वर्षांत इतके दाटतात की फुलं रोडावतात. उन्हाळ्यात ते खणून सुटे करावेत आणि मोठे कंद २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर पुन्हा लावावेत. बारीक कंद वेगळे वाढवावेत, ते पहिल्या वर्षी सहसा फुलत नाहीत. शेवंतीही बहर सरल्यावर छाटावी आणि तिचे फुटवे पावसाच्या सुरुवातीला नव्याने लावावेत.

गैरसमज ६ : कांद्यासारखा दिसतो, म्हणजे निरुपद्रवी असणार.

वस्तुस्थिती : हा समज जिवावर बेतू शकतो. कळलावीत कोल्चिसीन असतं. संधिवाताच्या एका प्रकारावर ते मोजूनमापून औषध म्हणून देतात, पण तिचा कंद खाल्ला तर मृत्यू ओढवू शकतो. बागेत लिली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक झाडांच्या कंदांतही लायकोरीन हे विषारी द्रव्य असतं. खणलेले कंद स्वयंपाकघरात कांदे-बटाट्यांजवळ कधीही ठेवू नयेत. पिशवीवर नाव लिहून ती मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी ठेवावी. कळलावी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

या दिवाळीनंतर तुमच्या कुंडीतली पानं लोळली, तर ती उपसू नका. कुंडी आडोशाला सरकवा, नावाची काडी खोचा आणि पाणी थांबवा. एप्रिल सरता सरता मातीला बारीक तडा जाईल आणि आतून कोंबाचं टोक डोकावेल. आपण काहीच न करण्याचं ठरवलं, म्हणून ते तिथवर पोचलेलं असेल.