पाण्याची गाडी

तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीतलं गोल रिंगण दरवर्षी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर असतं. धावणारा अश्व, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, उडणारा बुक्का. त्या छायाचित्रात पाण्याची गाडी कधीच दिसत नाही, कारण रिंगण लागतं तेव्हा ती निमगाव केतकीच्या तळावर उभी असते आणि आम्ही गाडीखाली पान्हा घेऊन पडलेले असतो. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, रथापुढे धोतरांच्या पायघड्या पडतात. इतकी वर्षं सेवेत असून मी ते अजून डोळे भरून पाहिलेलं नाही. गर्दीच्या पुढे निघालो नाही तर रस्ता मिळत नाही, आणि माउली तळावर टेकतील तेव्हा नळाला पाणी हवं.

नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबांचा पालखी सोहळा सुरू केला, तेव्हा ओढे, विहिरी आणि गावकऱ्यांचे रांजण एवढ्यावर भागत असेल. आज लाखोंचा समाज चालतो. सरकारी टँकर असतात, गावं आपापल्या परीनं पाणी देतात, तरी बहुतेक दिंड्या आपली गाडी बाळगतातच. आमची गाडी म्हणजे मालट्रकच्या हौद्यावर बांधलेली ५००० लिटरची काळी प्लास्टिकची टाकी, खाली व्हॉल्व्ह, तिथून निघालेला होज पाइप आणि लोखंडी घोड्यांवर टेकवलेली नळांची पट्टी. विहिरीतून भरायला पेट्रोलवर चालणारा पंप. एवढाच संसार. पण तो रोज हलतो, रोज नव्या जमिनीवर मांडला जातो, म्हणून रोज नव्यानं बिघडतो.

बारामतीच्या मुक्कामातली एक रात्र सांगतो. तळावर गाडी लागली, टाकी काठोकाठ भरलेली, आणि पट्टीच्या टोकाचे नळ नुसते फुसफुसत होते. लोक म्हणाले टाकी रिकामी झाली. कुणी म्हणालं व्हॉल्व्ह बसला. एक जण तर व्हॉल्व्ह कापायला ब्लेड घेऊन आला. आमच्यातले जुने मामा काही बोलले नाहीत. बॅटरी घेऊन ते टाकीपासून नळापर्यंत पाइपाच्या बाजूनं सावकाश चालत गेले. पाइप तंबूच्या खुंट्यांवरून, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांवरून वर-खाली होत गेला होता. हौद्यावरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा फार तर दीड मीटर उंच असतं. म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम १५० ग्रॅम. पाइपाच्या एकेका उंचवट्यात हवा अडकते आणि प्रत्येक उंचवटा त्यातला थोडाथोडा दाब खातो. असे चार-पाच उंचवटे आले की शेवटच्या नळापर्यंत काही उरतच नाही. मामांनी पाइप उचलून टाकीकडून नळाकडे सरळ उतार दिला, टोकाचं बूच काढलं. आधी जोरात हवा आली, मग गढूळ फेस, मग पाणी. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. तेव्हापासून पट्टीला सर्वांत उंच जागी टी बसवून हवेसाठी एक उभी नळी ठेवली आहे.

त्याच टाकीनं पुढे सणसरला वेगळाच घोळ घातला. पाणी सुरुवातीला धो धो, मग हळूहळू बारीक. टाकीकडे पाहिलं तर कूस आत ओढली गेलेली. रस्त्याची धूळ पाण्यात जाऊ नये म्हणून एका सेवेकऱ्यानं झाकणावर प्लास्टिकचा कागद करकचून बांधला होता. भावना चांगलीच होती. पण पाणी बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. दोरी सोडताच टाकी मोठा आवाज करून पुन्हा फुगली. आता झाकणाखाली बारीक जाळी आणि वर धुतलेलं सुती कापड असतं.

सर्वांत जास्त शहाणपण मी पाहिलं ते इंदापूरच्या अलीकडे एका विहिरीवर. पंप सुरू, पण पाणी उचलेना. शेतकरी वारकरी भोवती जमले. मोटारीनं हवा धरली हे त्यांना सांगावं लागत नाही, घरी तेच दुखणं असतं. तांब्यातांब्यानं पंपात पाणी ओतलं, पण ते ठरेना. फूटव्हॉल्व्ह वर काढला तर झडपेत कडुनिंबाची काडी अडकलेली. ती काढली, तरी पाणी येईना. तेव्हा एक बाबा शेण आणायला निघाले. विहिरीवरच्या पंपाला शेणकाला पाजून तो धरायला लावायचा, हा आमच्याकडचा जुना आणि खात्रीचा उपाय. पण तो शेताच्या पाण्याला. हे प्यायचं पाणी होतं. मामांनी बाबांचे पाय धरले आणि म्हणाले, ‘‘माउली, हे पाणी उद्या तुमच्याच तांब्यात येणार आहे.’’

मग स्वयंपाकाच्या राहुटीतून एक मावशी आल्या. त्यांनी सक्शन पाइपाच्या जोडाला कान लावला. बारीक सुस्कारा ऐकू येत होता. क्लिप आवळलेली दिसत होती, पण रबर कडक होऊन तडकलं होतं. अशा चिरेतून पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. मावशींनी मळलेल्या कणकेचा गोळा आणला, जोडावर बाहेरून थापला, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायला सांगितली. पंपानं पाणी धरलं. मावशींच्या घरची विहीर खोल होती. मोटार पाण्यापासून सात मीटरपेक्षा वर ठेवली तर ती पाणी ओढत नाही, हे त्यांनी सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शिकून घेतलं होतं.

ट्रकऐवजी एखाद्याचं मोटरहोम असलं, तर त्यातही हेच भाग लहान आकारात असतात: टाकी, जाळी, बारा व्होल्टचा पंप, पाणी उलट जाऊ न देणारी झडप, नळ. कुणी नळ उघडलेला नसताना पंप रात्री मधूनच टरटरला तर कुठेतरी दाब सुटतोय असं समजावं. पंप चालतो आणि नळ नुसता थुंकतो, तर आधी टाकीकडची बाजू पाहावी. मामा टाकीकडून नळाकडे चालत गेले, त्याच दिशेनं शोध घ्यावा. पंप सर्वांत शेवटी उघडावा.

हादऱ्यांचं मात्र वेगळं आहे. ५००० लिटर म्हणजे पाच टन पाणी. अर्ध्या टाकीत ते प्रत्येक ब्रेकला पुढे-मागे आपटतं. टाकीच्या तोंडाशी कडक पीव्हीसी पाइप ट्रकच्या सांगाड्याला थेट बांधला, तर जोड तिथेच तडकतो. सोल्युशननं किती वेळा चिकटवणार? आम्ही तिथे हातभर लवचिक होज टाकला आणि गाडी एकतर भरून किंवा रिकामी करूनच चालवायचं ठरवलं.

नीरा डाव्या कालव्यानं बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ऊस आणला आणि कितीतरी जमिनी क्षारपडही केल्या. काही विहिरींचं पाणी इतकं जड असतं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो. तो लिंबाच्या रसात भिजवून काढावा लागतो. स्वयंपाकाची टाकी म्हणूनच वेगळी. आरोग्य खात्याची पोरं-पोरी प्रत्येक टाकीत क्लोरीन तपासतात. नळीतलं पाणी औषधाचा थेंब पडून पिवळं झालं तरच पुढे सोडतात. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. रांगेतले लोक चिडतात, वासाची तक्रार करतात. थांबवण्याचं हे काम मला सर्वांत कठीण वाटतं आणि सर्वांत महत्त्वाचंही. एका टाकीतून दिंडीभर जुलाब पसरले तर पंढरी राहते बाजूला.

पाणी बंद पडलं की हाल होतात ते बायकांचे. पुरुष ओढ्यावर, कालव्यावर, उघड्यावर अंघोळ उरकतो. बाई पहाटे दोन-अडीचला अंधारातच उठते, कारण उजेडात तिला आडोसा नसतो. त्या वेळी नळ फुसफुसला तर ती दिवसभर तशीच चालते, आणि कुणाजवळ बोलतही नाही. हे आम्हाला कळायला उशीर लागला. नळांची पट्टी आता गाडीच्या दोन्ही अंगांना आहे, डाव्या बाजूला कनातीचा आडोसा. सराटीला नीरा ओलांडायच्या आदल्या रात्रीही तोच नियम: दोन वाजता डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचा, आणि उजवीकडचा काकडा सुरू होईपर्यंत बंद.