टेबल सॉची इन्सर्ट प्लेट: शीट कोणती घ्यावी?

टेबल सॉच्या टेबलात पातं जिथून वर येतं, तिथे बसणारी काढता-घालता येणारी पट्टी म्हणजे इन्सर्ट प्लेट. मशीनसोबत मिळणाऱ्या प्लेटची फट तिरक्या कापाचीही सोय व्हावी म्हणून रुंद असते. सरळ कापताना मग प्लायच्या खालच्या कडेला आधार मिळत नाही, कड उचकटते आणि बारीक तुकडे फटीत अडकतात. म्हणून पात्याच्या जाडीइतकीच फट असलेली प्लेट घरी बनवतात.

सोलापुरात शीट निवडताना आधी उन्हाळा आठवावा. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. स्वयंपाकाच्या चॉपिंग बोर्डाचं एचडीपीई स्वस्त आणि गुळगुळीत, त्यामुळे मोह होतोच. पण तापमान २५ अंशांनी वाढलं की त्याची ३०० मिमी लांब पट्टी सुमारे १ मिमी वाढते. हिवाळ्यात घट्ट बसवलेली प्लेट मेमध्ये मधोमध फुगते आणि लाकूड तिला अडतं. अॅक्रेलिक कमी वाढतं, पण पात्याच्या घर्षणाने वितळतं आणि ठिसूळही असतं.

एमडीएफ सपाट असतं, कापायला सोपं. मात्र सप्टेंबरच्या पावसाळी हवेत कडा फुगतात. एखाद्या कामापुरती प्लेट करायला ते चालेल.

सर्वांत भरवशाचं हायलम, म्हणजे फिनॉलिक राळेत कागद किंवा कापडाचे थर दाबून केलेली शीट. इलेक्ट्रिक पॅनलमुळे ती ओळखीची आहे. नाव हैदराबादच्या बेकेलाइट हायलम कंपनीवरून रूढ झालं. ती उष्णतेने फारशी वाढत नाही आणि पातळ असूनही ताठ राहते. मात्र कापायला कार्बाइडचं पातं हवं आणि तोंडाला मास्क, कारण भुकटी फार बारीक उडते.

खर्च आवरायचा असेल तर आयएस ७१० शिक्क्याची १२ मिमी मरीन प्लाय घ्यावी. सनमायका दोन्ही बाजूंना लावावा, एकाच बाजूला लावला तर प्लाय वाकते. हलक्या प्लायच्या आत पोकळ्या असतात. नेमकी फटीखाली पोकळी आली तर कड तुटते.

सांगितलेल्या जाडीवर विसंबू नये, व्हर्नियरने मोजावी. टेबलात प्लेट बसते त्या खाचेपेक्षा शीट थोडी पातळ असली तर खालून छोटे स्क्रू बसवून ती टेबलाच्या पातळीत आणता येते. फट पाडताना पातं पूर्ण खाली नेऊन प्लेटवर आडवी फळी क्लॅम्पने आवळावी, मग मशीन चालू करून पातं हळूहळू वर घ्यावं. रायव्हिंग नाइफसाठी, म्हणजे पात्यामागे उभ्या असणाऱ्या पट्टीसाठी, फट मागे वाढवावी लागते. ४५ अंशांच्या कापासाठी मात्र वेगळीच प्लेट लागते.