टर्बोचार्ज्ड इंजिनातील मिसफायर

मिसफायर म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन व हवेचे मिश्रण अजिबात न पेटणे किंवा अपुरे पेटणे. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये हा दोष 'मिसिंग' या नावाने ओळखला जातो. टर्बोचार्जर असलेल्या आणि मूळ रचनेत फेरबदल केलेल्या पेट्रोल गाड्यांमध्ये तो विशेषतः जास्त भाराखाली, म्हणजे चढावर किंवा वेगाने पुढे जाताना दिसून येतो. मिसफायर हे स्वतः कारण नसून लक्षण आहे. त्यामागे ठिणगी, इंधन, हवा किंवा सिलिंडरमधील दाब यांपैकी कशातही बिघाड असू शकतो. त्यामुळे अंदाजाने सुटे भाग बदलण्यापेक्षा ठरावीक क्रमाने एकेक शक्यता वगळत जाणे ही निदानाची विश्वासार्ह पद्धत मानली जाते.

## स्वरूप

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटते. चार सिलिंडरच्या इंजिनात ही संख्या १००, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात ७५ होते. यांतील काही ज्वलने चुकली की क्रँकशाफ्टला मिळणारी गती असमान होते आणि गाडी गचके खाते, थरथरते किंवा तिचा पिकअप कमी होतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बंद पडणे म्हणजे एक तृतीयांश शक्ती जाणे, म्हणून तेथे थरथर अधिक जाणवते.

महाराष्ट्रात तयार झालेल्या गाड्यांमध्ये दोन्ही प्रकारची इंजिने आढळतात. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या गाडीत २०१३ साली चार सिलिंडरचे १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन होते. रांजणगाव येथे बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचे २०१७ साली आलेले १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे आहे.

## टर्बोचार्जर व फेरबदलांचा परिणाम

टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली पेटंटच्या रूपाने मांडली. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते. या जादा दाबाला 'बूस्ट' म्हणतात. फेरबदल करताना बहुधा इंजिन नियंत्रकातील प्रोग्रॅम बदलून बूस्ट वाढवला जातो. त्यालाच 'रिमॅप' असे नाव आहे. त्याच्या जोडीला मोठा इंटरकूलर, खुला एअर फिल्टर किंवा रुंद डाऊनपाईप बसवला जातो.

बूस्ट वाढला की पहिला ताण ठिणगीवर येतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ साली दाखवून दिले, की दोन टोकांमधील वायूतून ठिणगी पडण्यास लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. इंजिनातील परिस्थितीत हा गुणाकार वाढला की ठिणगीसाठी लागणारा विद्युतदाबही वाढतो. इग्निशन कॉइलला तेवढा विद्युतदाब देता आला नाही, तर ठिणगी पडत नाही किंवा ती प्लगच्या चिनीमातीच्या भागावरून भलत्याच वाटेने निसटते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. मूळ बूस्ट ०.८ बार असेल, तर वातावरणाचा सुमारे १ बार धरून आत जाणाऱ्या हवेचा एकूण दाब १.८ बार होतो. रिमॅपनंतर बूस्ट १.२ बार झाला, तर एकूण दाब २.२ बार होतो, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. प्लगचे अंतर ०.८ मिलिमीटर असताना मूळ गुणाकार १.४४ होता, तो आता १.७६ झाला. अंतर ०.६५ मिलिमीटर केल्यास गुणाकार १.४३, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच होतो. फेरबदल केलेल्या टर्बो इंजिनात प्लगचे अंतर कमी ठेवण्यामागे हेच कारण आहे. मात्र अंतर फारच कमी केल्यास ठिणगी लहान पडते आणि आयडलिंगला मिश्रण नीट पेटत नाही.

दुसरा ताण इंधनपुरवठ्यावर येतो. हवा जास्त आली की त्या प्रमाणात इंधनही जास्त लागते. पंप किंवा इंजेक्टर आपल्या क्षमतेच्या टोकाला पोहोचले, तर भाराखाली मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रण उशिरा पेटते किंवा पेटतच नाही.

तिसरा ताण हवेच्या नळ्यांवर येतो. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या व क्लिपा मूळ दाबासाठी योजलेल्या असतात. वाढीव दाबाने त्या सैल होतात किंवा फाटतात. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असेल, तर मोजली गेलेली हवा वाटेतच निसटते. नियंत्रक मात्र मोजलेल्या हवेनुसार इंधन देत राहतो, त्यामुळे मिश्रण प्रमाणाबाहेर गडद होते आणि प्लग काळे पडतात.

## मिसफायरची नोंद

क्रँकशाफ्टजवळील सेन्सर त्याच्या गतीतील सूक्ष्म चढउतार मोजतो. एखाद्या सिलिंडरच्या वेळी अपेक्षित गती आली नाही, की नियंत्रक ते मिसफायर म्हणून नोंदवतो. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलांपासून ओबीडी-२ ही निदानव्यवस्था सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ मानकांच्या काळात, एप्रिल २०१३ पासून ती लागू झाली.

स्कॅनरवर पी०३०१ हा संकेतांक पहिल्या, पी०३०२ दुसऱ्या, तर पी०३०३ तिसऱ्या सिलिंडरचा दोष दर्शवतो. पी०३०० याचा अर्थ दोष एका सिलिंडरपुरता नाही किंवा नेमका सिलिंडर ठरवता आलेला नाही असा होतो. एकाच सिलिंडरचा संकेतांक त्या सिलिंडरच्या कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो. पी०३०० असेल, तर सर्व सिलिंडरांना समान असलेल्या गोष्टी, म्हणजे इंधनाचा दाब, हवेची गळती, रिमॅप किंवा प्लगचे अंतर, आधी तपासल्या जातात.

स्थिर पेटलेला 'चेक इंजिन' दिवा दोषाची नोंद झाल्याचे सांगतो. हाच दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा करण्याइतका तीव्र आहे असा त्याचा अर्थ असतो.

## निदानाचा क्रम

'''लक्षणाची वेळ.''' दोष थंड इंजिनात, आयडलिंगला की पूर्ण भाराखाली येतो, हे प्रथम पाहिले जाते. फक्त भाराखाली येणारा दोष बहुधा ठिणगी किंवा इंधनपुरवठ्याशी निगडित असतो. फक्त आयडलिंगला येणारा दोष हवेची गळती, खराब इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशनकडे निर्देश करतो. दोष नोंदवला गेला त्या क्षणाचा वेग, भार व तापमान नियंत्रकात साठवलेले असते. संकेतांक पुसण्यापूर्वी ही माहिती टिपून ठेवणे आवश्यक असते, कारण संकेतांकाबरोबर तीही पुसली जाते.

'''प्लगची पाहणी.''' काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवतात. ओला व काळा प्लग जादा इंधन किंवा न पडलेली ठिणगी दर्शवतो. पांढरा व फोड आलेला प्लग अति उष्णतेची खूण असतो. चिनीमातीवरील पेन्सिलीसारखी बारीक काळी रेघ ठिणगी बाहेरून निसटल्याचे सांगते. टोकावर ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसल्यास पिस्टनला इजा होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढील चाचणीसाठीही गाडी भाराखाली चालवली जात नाही. प्लगचे अंतर फीलर गेजने मोजले जाते.

'''अदलाबदल.''' दुसऱ्या सिलिंडरचा दोष असल्यास त्याची कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर लावतात. संकेतांक पी०३०२ वरून पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी ठरते. तो बदलला नाही, तर प्लग आणि त्यानंतर शक्य असल्यास इंजेक्टर यांची तशीच अदलाबदल केली जाते. एका वेळी एकच भाग हलवणे हा या पद्धतीचा मुख्य नियम आहे. दोन भाग एकदम बदलल्यास दोष जातो, पण कोणत्या भागाचा होता ते कळत नाही.

'''दाबाची चाचणी.''' बूस्टखालीच उघडणारी गळती इंजिन बंद असताना दिसत नाही. त्यासाठी टर्बोच्या हवेच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले झाकण लावून नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नसलेल्या दाबाची हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. जेथे बुडबुडे येतात तेथे गळती असते. दाब नियंत्रित करता येणारा साधा कॉम्प्रेसर या चाचणीला पुरतो.

'''कॉम्प्रेशन.''' इंधन व ठिणगी बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजतात. आकड्यांइतकाच सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकल्यावर दाब वाढला, तर पिस्टन रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता असते. त्याच सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरली असता आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या मार्गातून आला तर इनटेक व्हॉल्व्ह आणि ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा गळत असतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे आल्यास हेड गॅस्केटवर संशय येतो.

'''मूळ प्रोग्रॅम.''' वरील तपासणीत काही न सापडल्यास नियंत्रकात मूळ प्रोग्रॅम भरून गाडी चालवून पाहतात. दोष नाहीसा झाला, तर यांत्रिक भाग मूळ दाबापुरते सक्षम असून रिमॅपच्या मागणीला अपुरे पडत आहेत, किंवा रिमॅपच चुकीचा आहे, असा निष्कर्ष निघतो.

## मिसफायरसारखे भासणारे प्रकार

बूस्ट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास नियंत्रक इंजिनाच्या संरक्षणासाठी क्षणभर इंधन तोडतो. हा गचका मिसफायरसारखा वाटतो, पण सर्व सिलिंडर एकदम बंद होतात आणि संकेतांक बूस्टविषयीचा असतो. हलके फ्लायव्हील बसवल्यास क्रँकशाफ्टच्या गतीतील चढउतार वाढतात आणि दोष नसतानाही मिसफायर नोंदला जाऊ शकतो. खडबडीत रस्त्यावर चाकांना बसणारे धक्के क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचूनही अशी खोटी नोंद होऊ शकते. त्यामुळे अनेक नियंत्रक चाकांच्या गतीवरून खराब रस्ता ओळखून तेवढा वेळ नोंद थांबवतात.

## हिंगोली जिल्ह्यातील संदर्भ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके असून वाहनांच्या नोंदणीसाठी एमएच-३८ हा क्रमांक वापरला जातो. येथील हवामान व रस्ते यांचा या दोषाशी थेट संबंध येतो.

उन्हाळ्यात जिल्ह्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा हवेत इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवाही अधिक गरम असते. त्यामुळे इंजिनात ठोका येण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका वाढतो आणि तो टाळण्यासाठी नियंत्रक ठिणगी उशिरा पाडतो. थंडीत ट्यून केलेली गाडी मे महिन्यात मंद वाटण्यामागे हे एक कारण असते. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवरील बारीक धूळ खुल्या फिल्टरमधून आत गेल्यास टर्बोच्या चक्राची पाती व सिलिंडरच्या भिंती झिजतात. तेल लावलेल्या फिल्टरवर जादा तेल राहिल्यास ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि मोजमाप चुकते.

इंधनातील फरकही महत्त्वाचा ठरतो. पुण्यात डिसेंबर २०२० पासून १०० ऑक्टेनचे पेट्रोल उपलब्ध झाले. त्यावर ट्यून केलेल्या गाडीत साधे पेट्रोल भरल्यास नॉकिंगची शक्यता वाढते. भारताने २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला मात्र सुमारे ९ भागच पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या इंधनाला सुमारे १३.५ भाग हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा ८ ते ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. आधीच टोकाला पोहोचलेल्या इंजेक्टरांच्या गाडीत हा फरक भाराखालील मिसफायरचे कारण ठरू शकतो.

## परिणाम

न पेटलेले पेट्रोल व प्राणवायू एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटतात. त्यामुळे कन्व्हर्टरचे तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि त्यातील जाळी वितळून वायूंचा मार्ग अडतो. सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर पेट्रोलने धुतला जातो आणि ते पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून त्याची स्निग्धता कमी करते. याच ऑइलवर टर्बोचे बेअरिंग अवलंबून असते. मिसफायरचे मूळ विरळ मिश्रणात असेल, तर पिस्टनही वितळू शकतो. म्हणूनच दिवा लुकलुकू लागल्यास ताबडतोब ॲक्सिलरेटर सोडून भार कमी करणे आणि सुरक्षित जागी गाडी थांबवणे इष्ट मानले जाते. वेळेवर बदललेल्या प्लगच्या तुलनेत कन्व्हर्टर, टर्बो किंवा पिस्टन यांचा खर्च अनेक पटींनी अधिक असतो.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीची पुष्टी केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रदूषणविषयक मानकांचा भंग कलम १९० खाली येतो. मिसफायर होणाऱ्या गाडीच्या धुरात न जळलेल्या हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढत असल्याने अशी गाडी प्रदूषण तपासणीत नापास होण्याची शक्यता असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकल्याने दोष दूर होत नाही. त्याने केवळ दोषाचा एक परिणाम नजरेआड होतो आणि प्रदूषणविषयक मानकांचा भंग होतो.